रक्तरंजित! पण कोणाच्या रक्ताने?

जयंतीच्या बॅनरवर, सूत्रसंचालकाच्या तोंडी आणि आपल्या फेसबुक पोस्टमध्ये तीन शब्द हमखास सापडतात. संघर्षमय, अटीतटीचा आणि रक्तरंजित. 'बाबासाहेबांचे संघर्षमय जीवन', 'महाडचा अटीतटीचा लढा', 'नामांतराचा रक्तरंजित इतिहास'. ऐकायला भारदस्त वाटते, टाळ्याही पडतात. पण हे शब्द आपण बरोबर वापरतो का? हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नाही. चुकीचे विशेषण लावले की इतिहासातला आरोपी अलगद निसटतो.

शाळेत आपण समासाचा विग्रह शिकलो. 'रक्तरंजित' म्हणजे रक्ताने रंगलेला. तृतीया तत्पुरुष समास. गुरुजींचा विग्रह इथे संपतो. चळवळीतल्या माणसाचा विग्रह इथून सुरू व्हायला हवा. कोणाच्या रक्ताने? ते कोणी सांडले? या दोन प्रश्नांची उत्तरे वाक्यात नसतील, तर ते विशेषण म्हणजे नुसता दागिना आहे.

आधी महाड घ्या. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायद्याने हक्क होताच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि शांतपणे परतले. त्यानंतर 'हे आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार' अशी अफवा उठवून सवर्णांच्या जमावाने जेवायला बसलेल्या, गावाकडे निघालेल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. आपल्यात लष्करातून निवृत्त झालेले जवान होते. प्रत्युत्तर देणे अवघड नव्हते. बाबासाहेबांनी संतापलेल्या लोकांना शांत राहायला सांगितले आणि लोकांनी ते ऐकले.

आता सांगा, याला 'अटीतटीचा' म्हणायचे का? अटीतटी म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच ईर्षेने भिडलेल्या. कबड्डीचा अंतिम सामना अटीतटीचा असतो. 1952 च्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर समोरासमोर होते. बाबासाहेब हरले, पण मतपेटी दोघांसाठी सारखीच होती. अशा लढतीला हा शब्द शोभतो. महाडला एका बाजूच्या हातात लाठी होती आणि दुसऱ्या बाजूच्या ओंजळीत पाणी. तिथे 'अटीतटीचा' म्हटले की हल्लेखोर आणि सत्याग्रही एकाच मैदानातले दोन संघ होऊन बसतात.

मग महाडला कोणता शब्द लावायचा? 'प्रदीर्घ' लावा, तो खरा आहे. हल्ल्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर 1927 मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला आणि दुसऱ्यांदा पाणी घेण्याचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. त्याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयातली लढाई मात्र चालूच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! म्हणून 'चवदार तळे खुले झाले' असे लिहू नका. तळे आपोआप खुले होत नाही. 'दहा वर्षे लढून मिळवलेला पाण्याचा हक्क' असे लिहा.

आता मराठवाडा. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगावी सवर्ण जमावांनी दलित वस्त्या जाळल्या, माणसे मारली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना हालहाल करून ठार केले. या सगळ्याला आजही 'दंगल' म्हटले जाते. दंगल दोन गटांत होते. एका बाजूने वस्ती जाळायची आणि दुसऱ्या बाजूने जीव घेऊन पळायचे, याला हल्ला म्हणतात. इथे 'रक्तरंजित' हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'नामांतराचा लढा रक्तरंजित होता' या वाक्याने अनोळखी वाचकाला वाटेल की रक्त लढणाऱ्यांनी सांडले. 'नामांतराचा लढा आंबेडकरी जनतेच्या रक्ताने रंगला' असे लिहा. शब्द तेच, विग्रह पूर्ण. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. पंधरा वर्षांहून अधिक काळाचा हा हिशोब एका विशेषणात गुंडाळता येत नाही.

उलट चूकही आपणच करतो. 'रक्ताचा एक थेंबही न सांडता बाबासाहेबांनी क्रांती केली' हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या दीक्षा सोहळ्याबद्दल ते शंभर टक्के खरे आहे. पण संपूर्ण चळवळीला ते लावले की महाडच्या जखमा आणि पोचीराम कांबळे पुसले जातात. नेमके वाक्य असे आहे: आपण कोणाचे रक्त सांडले नाही, आपले मात्र सांडले गेले.

राहिला 'संघर्षमय'. हा शब्द तर आज प्रत्येक नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर असतो. बाबासाहेबांसाठी वापरायचा असेल तर लगेच पुढचे वाक्य लिहा: संघर्ष कोणाशी? गरिबीशी होताच, पण गरिबी हा काही एकमेव शत्रू नव्हता. जातिव्यवस्थेचे नाव घ्यायची लाज वाटणारे लोकही बाबासाहेबांच्या 'संघर्षमय जीवनाला' हार घालतात, कारण या शब्दात त्यांना टोचणारे काहीच नसते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी भाषण लिहिताना, पोस्ट टाकताना असे विशेषण आले की क्षणभर थांबा. कोणी, कोणावर, कशासाठी आणि किती वर्षे, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे वाक्यात आली तर विशेषण ठेवा. नाही आली तर विशेषण खोडा आणि उत्तरे लिहा. आपला इतिहास पुसायला निघालेल्यांचे काम आपल्याच लेखणीने सोपे होऊ नये.

जयभीम!