रन्वारचे वर्कअराउंड

सांधेदुखी म्हटली की आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात एक उपाय तयार असतो. निर्गुडीचा पाला, तिळाचं तेल, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, गरम पाण्याची पिशवी. शिवाय दावा असा, की "अगदी मुळापासून जातं!" इथे माझा इंजिनियरी स्वभाव आडवा येतो. मुळापासून जातं, तर तीच पुरचुंडी रोज रात्री तव्यावर का येते? पण मग हे उपाय टाकाऊ म्हणायचे का? मला पटलेलं उत्तर एका फ्रेंच चित्रकाराच्या घरात सापडलं.

पिएर-ओग्युस्त रन्वार (१८४१-१९१९). मोने वगैरे मंडळींच्या इम्प्रेशनिस्ट कंपूतला. १८९२ च्या सुमारास, पन्नाशीत, त्याला सांध्यांचं दुखणं जडलं. वयानुसार गुडघे झिजतात ते हे नव्हे. हा आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड. यात शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच सांध्यांवर उलटते. त्यात १८९७ मध्ये सायकलवरून पडून उजवा हात मोडला. १९१२ च्या आसपास चाकांची खुर्ची आली ती कायमची, आणि बोटं तळहातात वळून गेली.

तेव्हा औषधं काय होती? ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आलं. त्याने ठणका कमी होई, रोग थांबत नसे. आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन पहिल्यांदा दिलं गेलं १९४८ मध्ये, आणि मेथोट्रेक्सेटला या रोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ मध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर बग धड कळलेला नाही आणि फिक्स जवळजवळ शंभर वर्षं लांब. उरतो तो फक्त वर्कअराउंड. रन्वारने ते किती शोधले बघा.

पहिला, ऊब. त्याने दक्षिण फ्रान्समधल्या उबदार कान्य गावात मुक्काम हलवला. तिथे १९०७ मध्ये जुन्या ऑलिव्हच्या झाडांची एक वाडी विकत घेतली आणि घर बांधलं.

दुसरा, हालचाल. त्याचा मुलगा, सिनेदिग्दर्शक जाँ रन्वार, याने १९६२ मध्ये वडिलांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात आहे, की बोटं आखडू नयेत म्हणून बाबा रोज सकाळी चेंडू झेलायचे. ते जमेना तेव्हा लाकडाचा छोटा दांडका हवेत उडवून झेलायला लागले.

तिसरा, कापड. ब्रश त्याच्या हाताला बांधून ठेवत, अशी एक दंतकथा आहे. खरं म्हणजे वळलेल्या बोटांनी तळहाताची कातडी सोलवटू नये म्हणून त्या पट्ट्या असत. ब्रश दुसरं कुणीतरी बोटांत अडकवून देई. साशा गित्रीने १९१५ मध्ये काढलेल्या फिल्ममध्ये हा म्हातारा रंगवताना दिसतो. हात पट्ट्यांत, पण ब्रशचे फटकारे झपाझप.

चौथा मला सगळ्यात आवडतो. मोठ्या कॅनव्हासच्या कोपर्‍यापर्यंत हात पोचेना, तर कॅनव्हासच रुळांवर गुंडाळला. दांडा फिरवला की हवा तो भाग समोर. माणूस हलत नाही ना, मग चित्र हलवा!

जाँने आणखी एक प्रसंग दिलाय. एका डॉक्टरने खटपट करून रन्वारला खुर्चीतून उठवून चार पावलं चालवलं. पण तो परत बसला आणि चालणं सोडून दिलं. कारण काय, तर चालण्यात सगळी शक्ती गेली तर चित्रासाठी काय उरणार?

यातल्या कशानेच रोग बरा झाला नाही. पण 'स्नान करणार्‍या स्त्रिया' हे मोठं चित्र त्याने १९१८-१९ मध्ये, म्हणजे मरणाच्या उंबरठ्यावर, रंगवलं. ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

तेव्हा घरगुती उपायांची खरी किंमत इथे आहे. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, सकाळची पहिली दोन कामं सोपी होतात. सांधा सुजून गरम लागत असेल तर उलट गार पट्टी बरी. माझ्या आजीच्या चमच्यांना आम्ही जुन्या सायकलच्या मुठी बसवल्या. तिचा संधिवात तस्साच आहे, पण ती आपल्या हाताने जेवते. हे काय कमी आहे?

फक्त एक गोष्ट विसरू नका मंडळी. रन्वारकडे फिक्स नव्हता, आपल्याकडे आहे. दोन्ही हातांची बोटं सुजत असतील आणि सकाळी अर्धा-पाऊण तास मूठच वळत नसेल, तर निर्गुडीवर सहा महिने काढू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. वाकडा झालेला सांधा सहसा सरळ होत नाही, पण आज वेळेवर औषध सुरू झालं तर तो वाकडा होण्याआधी बर्‍याचदा वाचवता येतो. शेक खुशाल घ्या, पण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर.