पाकीट कुजेल, पण त्याच्या गोंदाचं काय?

पतंगाला लावायची खळ आठवतेय ना? फळांचं पन्हळी पुठ्ठ्याचं खोकं आजही तिच्याच भावंडाने चिकटतं. मक्याचा थोडा स्टार्च शिजवून घट्ट करायचा, त्यात कच्चा स्टार्च, कॉस्टिक सोडा आणि बोरॅक्स मिसळायचं. कॉस्टिकमुळे स्टार्चचे कण कमी तापमानाला फुगतात, बोरॅक्समुळे चिकटपणा वाढतो आणि गरम रोलरवर कागद चटकन जोडला जातो. म्हणजे वनस्पतिजन्य गोंद हा काही नवा शोध नाही.

अडचण पाण्याची आहे. शीतगृहातून बाहेर आलेल्या खोक्यावर दमट हवेतलं पाणी धरतं, सांधे मऊ पडतात आणि थप्पीतलं खालचं खोकं दबतं. (पुठ्ठाही ओला होतोच, सगळा दोष गोंदाचा नाही.) म्हणून ओलाव्यात टिकायला गोंदात कृत्रिम रेझिन घालतात. पदर जोडून केलेल्या पाकिटांत तर बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं.

‘कंपोस्टेबल’ हा शिक्का मी इथे तपासून बघतो. युरोपच्या ईएन १३४३२ मानकानुसार औद्योगिक कंपोस्टमध्ये ६ महिन्यांत किमान ९० टक्के जैवविघटन व्हावं लागतं. पण १ टक्क्याहून कमी असलेल्या घटकाला ही चाचणी माफ आहे. अशा घटकांची बेरीज फक्त ५ टक्क्यांच्या आत हवी. गोंद, शाई या फटीतून सहज आत शिरू शकतात. फ्रान्सने २०२२ पासून फळांवरच्या स्टिकरवर बंदी घातली आणि सूट दिली ती घरच्या कंपोस्टमध्ये कुजणाऱ्यांनाच. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण पीएलए नावाचं मक्यापासूनचं प्लास्टिक कुजायला साधारण ५८ अंशांची ऊब लागते. गच्चीवरच्या कुंडीत ती कुठून मिळणार?

आता ‘स्मार्ट’ भाग. जांभळ्या कोबीच्या रसात टिपकागद बुडवून वाळवा आणि मासळीच्या डब्याच्या झाकणाला आतून लावा. मासा बिघडताना अमोनिया, ट्रायमिथिलअमाइन असे अल्कधर्मी वायू सुटतात आणि कोबीतलं अँथोसायनिन निळं-हिरवं होत जातं. दूध नासलं की आम्लता वाढते, म्हणजे रंग उलटा, लालसर जातो. त्यामुळे एकच लेबल सगळ्या पदार्थांना चालत नाही. शिवाय उजेडात हा रंग फिका पडतो. आणि वरची कॉस्टिकची खळ स्वतःच अल्कधर्मी! तिने लेबल चिकटवलं, तर मासा ताजा असतानाच ते ‘बिघडला’ म्हणून सांगेल.