कागदोपत्री वऱ्हाड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री पुण्याहून बेळगावला निघालो होतो, नेहमीसारखाच ट्रॅव्हल्सने. कागल मागे पडलं नि कोगनोळी नाक्याच्या जवळपास गाडी थांबली. रात्रीचे दोन वाजून गेले असतील. क्लीनर पोरगा आत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब वर आले तर सगळे एकाच पार्टीचे म्हणून सांगा. गोकर्णला चाललोय."

समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी पडदा बाजूला केला. "का रे, लग्न कुणाचं आहे?"

सगळी गाडी हसली. साहेब काही वर आले नाहीत. पोरगा फाईल घेऊन खाली गेला, पाचेक मिनिटांत परत आला आणि गाडी सुटली. मला मात्र झोप लागेना. मी रीतसर पैसे भरून तिकीट काढलेला माणूस, माझा सीट नंबर माझ्या मोबाईलमध्ये, मग मी खोटं का बोलायचं? आणि ज्या धंद्यात रोज रात्री हजारो गाड्या धावतात, त्याला हे असलं नाटक कशाला लागतं?

त्या वीकेंडला बेळगावात मामाला विचारलं. मामा कर्नाटकच्या सरकारी बसवर कंडक्टर होता, आता रिटायर झालाय. त्याने चहाची बशी खाली ठेवली आणि एका वाक्यात निकाल लावला, "अरे, तुम्ही कागदोपत्री वऱ्हाड असता."

तर मंडळी, कायदा असा आहे. प्रवासी वाहनाचे ढोबळ प्रकार दोन. एक टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत, प्रत्येकाला त्याच्या टप्प्याचं तिकीट फाडून देत जाणारी बस. आपली एसटी. दुसरी कंत्राटी वाहतूक. म्हणजे कोणीतरी एका पार्टीने अख्खी गाडी ठरवायची, आणि त्या करारात नसलेला माणूस वाटेत चढवायचा नाही की उतरवायचा नाही. स्वातंत्र्यानंतर टप्प्याची वाहतूक राज्यांनी हळूहळू आपल्या ताब्यात घेतली. आपल्याकडे १ जून १९४८ ला पुणे-नगर एसटी सुटली, १९५० मध्ये राज्य परिवहन महामंडळांचा कायदा आला, आणि पुढे मोठमोठे मार्ग खाजगीवाल्यांना बंदच झाले. उरलं काय, तर कंत्राटी नाहीतर पर्यटक परवाना. वऱ्हाडाचा, सहलीचा. आपण ज्याला 'ट्रॅव्हल्स' म्हणतो तो सगळा धंदा मुख्यतः या दुसऱ्या दारातून आत आला. ट्रॅव्हल्स हे नावसुद्धा त्याचीच आठवण असावी, असा आपला माझा अंदाज.

आता हे डोक्यात ठेवून एका घराण्याचा इतिहास बघा. पुणे-बंगलोर रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ज्यांच्या ट्रकच्या मागची तीन अक्षरं वाचलेली असतात, ते व्हीआरएल. विजयानंद रोडलाइन्स. मालक विजय संकेश्वर. (आडनावाचं गाव याच रस्त्यावर, निपाणी ओलांडली की पुढे लागतं.)

संकेश्वरांचा जन्म १९५० चा, गदगचा. गदग तेव्हा मुंबई राज्यात होतं, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. घरचा धंदा छपाईचा आणि पुस्तकं प्रकाशित करण्याचा. शब्दकोश छापणारं घर! वडिलांची अपेक्षा उघड होती की पोराने छापखाना सांभाळावा. पोराने १९७६ मध्ये ट्रक घेतला. एकच. घरात किती कटकट झाली असेल याची कल्पना मी करू शकतो, मी नुसतं मेकॅनिकलचं कॉलेज करून सॉफ्टवेअरला गेलो तर आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

ट्रकच का, बस का नाही? याचं सरळ उत्तर १९७६ या सालातच आहे. त्या वर्षी जानेवारीत, आणीबाणी चालू असताना, कर्नाटक सरकारने वटहुकूम काढून राज्यातल्या खाजगी कंत्राटी बसगाड्याच ताब्यात घेतल्या. पुढे त्याचा कायदा झाला. सरकारचं म्हणणं असं की या गाड्या जनहिताला बाधक रीतीने चालवल्या जातात. साध्या भाषेत, वऱ्हाडाच्या नावाखाली तिकिटं फाडतात. मालक कोर्टात गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने कायदा वैध ठरवला. म्हणजे संकेश्वरांनी पहिला ट्रक घेतला त्याच वर्षी त्यांच्या राज्यात बसचा धंदा करणाऱ्यांच्या गाड्या सरकारजमा होत होत्या. त्यांनी हे बघून ट्रक निवडला असं मी म्हणत नाही. पण कोणाही तरुण माणसाला तेव्हा उघडं दार एकच होतं, मालवाहतुकीचं.

आणि इथे मला खरी गंमत वाटते. संकेश्वरांनी पुढे हुबळीला बस्तान हलवलं, १९८३ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, आणि जम बसवला तो पार्सलमध्ये. अख्खा ट्रक एकाच व्यापाऱ्याला देण्यापेक्षा पन्नास जणांची लहान लहान खोकी एकाच ट्रकमध्ये भरायची. हुबळीला उतरवायची, वेगळी करायची, पुन्हा दुसऱ्या ट्रकमध्ये चढवायची. यात भाडं किलोमागे जास्त मिळतं, पण व्यवस्था लागते. गोदामं, हमाल, वेळापत्रक, हिशोब. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरवर अनेक गिऱ्हाईकं. आता बघा, पन्नास पार्ट्यांची पन्नास खोकी एका ट्रकमध्ये गेली तर कायद्याला काही हरकत नाही. पन्नास पार्ट्यांची पन्नास माणसं एका बसमध्ये बसली की विचारणार, "तुम्ही एकत्र आहात का?" खोक्याला जी मुभा आहे ती मला नाही.

बसमध्ये हे घराणं उतरलं १९९६ साली, ट्रक घेतल्यानंतर तब्बल वीस वर्षांनी. त्याच वर्षी संकेश्वर धारवाड उत्तरमधून लोकसभेवर निवडून आले, नंतर १९९८ आणि १९९९ लाही. १९९९ मध्ये त्यांनी 'विजय कर्नाटक' हे दैनिक काढलं, ते काही वर्षांतच खपात सगळ्या कन्नड दैनिकांच्या पुढे गेलं, आणि २००६ मध्ये टाइम्स समूहाला विकलं. वडिलांचा छापखाना असा फिरून आला म्हणायचा. पण तो विषय वेगळा. असो.

१९९६ पर्यंत त्यांच्याकडे बसवाल्याला लागतं ते जवळजवळ सगळं होतं. ड्रायव्हर, मेकॅनिक, गावोगावची ऑफिसं, रस्त्याची माहिती. गाड्या भाड्याने न घेता स्वतःच्या घ्यायच्या, आणि दुरुस्ती शक्यतो स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये करायची, ही ट्रकमधली सवय. हुबळीजवळ वरूरला हायवेलगत त्यांचं मुख्यालय आहे, ट्रकच्या बॉड्यासुद्धा कंपनी स्वतः बांधते. मुलगा आनंदही लहान वयातच धंद्यात आला होता. विजय आणि आनंद मिळून विजयानंद, म्हणजे पाटीवरच बापलेक.

घराण्याची मालकी या धंद्यात इतकी का दिसते, याचं माझं उत्तर साधं आहे. ज्या धंद्याचा परवाना आज आहे नि उद्या सरकार काढून घेऊ शकतं, त्यात बाहेरचा माणूस पैसा घालायला बिचकतो. घरचा माणूस घालतो, कारण त्याला दुसरीकडे जायचं नसतं. आणि प्रवाशाच्या बाजूने बघितलं तर रात्री तीन वाजता गाडी बंद पडली की कायद्यातला 'करार' शोधायला कोणी जात नाही. गाडीवर नाव कोणाचं आहे ते बघून फोन लावतात. तो उचलला जाईल की नाही एवढंच. मी एकदा दुसऱ्याच एका कंपनीच्या गाडीने येताना साताऱ्याच्या पुढे चार तास रस्त्यावर काढलेत. गाडीवरचं नाव एकाचं, गाडी दुसऱ्याची, तिकीट तिसऱ्याच्या वेबसाइटचं. तिघांनीही दुसऱ्याचा नंबर दिला :)

पुढची वाढ बरीचशी आपल्यासारख्यांमुळे झाली. २००१ मध्ये व्होल्व्होची बी-सेव्हन-आर ही बस भारतात आली, मागे इंजिन, हवेचं सस्पेन्शन. त्याआधी बहुतेक 'लक्झरी' म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेली बॉडी आणि फुल आवाजात व्हिडिओ. त्याच सुमारास सुवर्ण चतुष्कोनाचं काम चालू झालं आणि पुणे-बंगलोर रस्ता चौपदरी होत गेला. बंगलोर-पुण्याच्या आयटी कंपन्यांत गावाकडची पोरं भरली, त्यांना शुक्रवारी रात्री घरी जायचं होतं. २००५ च्या दिवाळीला बंगलोरहून हैदराबादला जायला तिकीट मिळालं नाही म्हणून फणींद्र समा नावाच्या इंजिनिअरने मित्रांबरोबर २००६ मध्ये रेडबस सुरू केली. एजंटांच्या वह्यांमधल्या सीटा एका जागी दिसू लागल्या.

मामाचं यावर वेगळं म्हणणं आहे, आणि ते मला खोडता आलेलं नाही. तो म्हणतो, "तुमची गाडी शुक्रवारी रात्री पुण्याला जाते. मंगळवारी दुपारी खानापूरच्या आतल्या गावात कोण जातं? आम्ही. चार म्हाताऱ्या आणि शाळेची पोरं घेऊन. त्या फेरीचा तोटा कशातून काढायचा, तर पुण्या-मुंबईच्या गाडीतून. ती मलई तुम्ही नेलीत." १९७६ च्या कायद्यामागे हा हिशोबही होता, नुसती आणीबाणीची दांडगाई नव्हती. तो कायदा कर्नाटकाने २००३ मध्ये रद्द केला, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द करणंच घटनाबाह्य ठरवलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००३ चा निर्णय योग्य ठरवला. एका बाजूला खाजगी बसमालक, दुसऱ्या बाजूला सरकारी महामंडळ. पहिल्या वटहुकमापासून मोजलं तर एकूणपन्नास वर्षं हे चाललं.

तोवर व्हीआरएलमध्ये बरंच पाणी वाहून गेलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, २०५ रुपयांना शेअर, मागणी कित्येक पट. हजारो मालट्रक नि काही शे बसगाड्या. २०२० मध्ये संकेश्वरांना पद्मश्री मिळाली, २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्यावर 'विजयानंद' नावाचा कन्नड सिनेमा आला. आणि जवळपास त्याच आठवड्यांत एक बातमी आली, जी सिनेमापेक्षा मला जास्त बोलकी वाटते. लिस्टेड कंपनीने आपला बसचा धंदा २३० कोटी रुपयांना विकला, १ जानेवारी २०२३ पासून. घेणारी कंपनी विजयानंद ट्रॅव्हल्स, म्हणजे संकेश्वर घराण्याचीच. कारण दिलं ते असं की कंपनीला मालवाहतुकीवर लक्ष द्यायचंय. भागधारकांच्या वाट्याला खोकी राहिली आणि माणसं घराण्याने परत घरी नेली.

मामाला हे सांगितलं तर तो नुसता हसला.

दिवाळीत तो पुण्याला आमच्याकडे आला. परतीचं तिकीट मी मोबाईलवरून काढलं, खालचा स्लीपर, खिडकीचा. त्याला स्क्रीन दाखवली. त्याने चष्मा वर करून ती नीट वाचली, नाव, वेळ, सीट, चढायची जागा पद्मावती. मग खाली सरकवून पुन्हा वाचली, जशी त्याने तीस वर्षं लोकांची तिकिटं वाचली तशी. आणि फोन परत देत म्हणाला, "हे ठीकाय. पण यावर टप्पा कुठं लिहिलाय?"