बाळंतपणाचा पगार कोणी द्यायचा?

मागच्या बैठकीत गटातल्या एकीने विचारलं, "ताई, माझी जाऊ वाळूजला कंपनीत जाते. तिला बाळंतपणात सहा महिने पगार मिळाला. मी कापूस वेचते. माझं बाळंतपण काय वेगळं असतं का?"

उत्तर शोधायला मला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागलं.

तेव्हा मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका राबायच्या. घरी बसलं की मजुरी बुडायची, म्हणून कितीतरी जणी दिवस भरत आले तरी कामावर जायच्या. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं आणि वाद झाला तो हाच, पैसे कोणी द्यायचे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या सभागृहात होते. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण बाईच्या कामातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यानंही वाटा उचलावा, अशी त्यांची भूमिका होती.

१९२९ ला कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार. पैसे मालकाने द्यायचे. सरकारचा वाटा मागेच राहिला. आपल्या औरंगाबादेतही कापडगिरणी होती, पण इथं निजामाचं राज्य. मुंबईचा कायदा इकडे लागू नव्हता.

पुढे गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. यंत्रं बदलली, बायकांना रात्रपाळी बंद झाली, हे खरंच. पण बाई ठेवली की खर्च वाढतो, हा हिशेबही त्यात होता.

१९६१ ला देशभराचा कायदा आला. २०१७ ला १२ आठवड्यांचे २६ झाले. आधीच्या वर्षात ८० दिवस काम हवं. कंत्राटी बाईलाही हा हक्क आहे, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या गटातल्या एकीला सातव्या महिन्यात कंत्राटदार म्हणाला, "आता येऊ नको." तिच्याकडे हजेरीचा कागदसुद्धा नव्हता.

आणि कापूस वेचणारी? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं नोकरी नसलेल्या गरोदर बाईलाही किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. पाच हजाराला भागून बघा, रोजचे साडेसत्तावीस रुपये पडतात. बैठकीत मी हा हिशेब मांडला, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

तेवढे तरी पदरात पाडून घ्या. दिवस गेल्याचं कळताच आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत नोंद करा. आणि कंपनीत जाणाऱ्यांनो, हजेरीचा आणि पगाराचा प्रत्येक कागद जपून ठेवा.