उकिरड्यापासून दारापर्यंत : पुण्यातल्या कचरा-वर्गीकरणाचा इतिहास

पुणे शहराच्या इतिहासावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. पेठा कशा वसल्या, वाडे कोणी बांधले, कात्रजचे पाणी शहरात कसे आले, याची बारीकसारीक माहिती आपल्याला मिळते. पण त्या वाड्यांतून रोज निघणारा केर कुठे जात होता, तो कोण उचलत होते आणि त्याबाबत घरच्यांवर कोणते बंधन होते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. आज ‘ओला कचरा वेगळा, सुका वेगळा’ हे पुण्यातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. तरीही एक घर हा नियम पाळते आणि शेजारचे पाळत नाही. याचे कारण पुणेकरांच्या स्वभावात शोधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते इतिहासात शोधावेसे वाटते.

सोनखताचे शहर

पुण्यात नगरपालिका आली १८५७ साली. बंदिस्त गटारे अजून फार दूर होती आणि घरोघरी टोपलीचे संडास होते. मैला वाहून न्यायचा आणि त्याचे काहीतरी करायचे, हे नव्या नगरपालिकेपुढचे मोठे काम होते. मैला आणि राख यांचे थर खड्ड्यांत एकावर एक घालून ते सुकवायचे आणि तयार झालेले सोनखत विकायचे, ही पद्धत पुण्यात रुळली. सरकारी आरोग्यखात्याच्या वर्तुळात ती पुण्याच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या व्यवहाराचे वर्णन आहे. सुरुवातीला या खताला हात न लावणारे शेतकरी पुढे उसासाठी ते विकत नेऊ लागले. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आणि शहराचे सोनखत यांवर पूर्वेकडचा ऊस पोसला जात होता.

या पद्धतीत राखेला मोल होते. घरातही तसेच होते. चुलीतली राख भांडी घासायला लागे, सालपटे आणि शिळेपाके गोठ्यात जाई, रद्दी रद्दीवाल्याकडे आणि जुने कपडे बोहारणीकडे. माझ्या आजीच्या घरी, सदाशिव पेठेत, साडीच्या बदल्यात पातेले मिळवताना होणारी घासाघीस अर्धा तास चाले. तिला कोणी ‘वर्गीकरण’ शिकवले नव्हते. प्रत्येक वस्तूला घेणारा होता, म्हणून प्रत्येक वस्तू वेगळी ठेवली जात होती. उकिरड्यावर जाई ते अगदी थोडे, आणि तेही शेवटी शेतात पोचे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. टोपली उचलणारे, गाडे ओढणारे आणि खड्ड्यांवर राबणारे हात कोणाचे असावेत, हे जातीने ठरवून टाकले होते. घरच्यांचा आणि त्यांचा संबंध मागच्या दारापुरता होता. घराची जबाबदारी उंबरठ्यावर संपत होती आणि पुढचे सारे काम त्यांच्यावर सोपवलेले होते. सोनखताच्या हिशेबात शेतकऱ्याने दिलेली किंमत दिसते, या माणसांनी मोजलेली दिसत नाही.

सक्तीचे वर्ष

१८९७ साली प्लेगने हे सारे ढवळून काढले. साथरोगांचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला. रँडच्या नेतृत्वाखाली विशेष समिती नेमली गेली आणि सोजीर घरोघरी शिरू लागले. सामान बाहेर काढणे, ते जाळणे, भिंतींना चुना फासणे, आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या नातेवाइकांना ‘सेग्रिगेशन कँपा’त नेणे सुरू झाले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हा भाग सर्वांना माहीत आहे. आरोग्याच्या नियमांच्या इतिहासात मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सक्तीला पुणेकरांनी दिलेले रोजचे उत्तर बंडाचे नव्हते, लपवण्याचे होते. आजारी माणसे माळ्यावर आणि मागच्या खोल्यांत लपवली गेली, मृत्यू दडवले गेले. नियम जितका कडक झाला तितके घर बंद झाले.

‘सेग्रिगेशन’ हा इंग्रजी शब्द पुण्यात असा आला. शंभर वर्षांनी तो पुन्हा आला, तेव्हा त्याचा अर्थ कचऱ्याचे वर्गीकरण असा होता. पहिल्या वेळी नियम मोडणाऱ्याला सोजिराची भीती होती, दुसऱ्या वेळी दंडाची. घराच्या आत काय चालते हे बाहेरून पाहता येत नाही, ही अडचण दोन्ही वेळा तीच होती.

कुंडीची पन्नास वर्षे

१९५० च्या फेब्रुवारीत पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. तिचा कारभार ज्या १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याने चालतो, त्यात कचऱ्याच्या कामाची वाटणी स्पष्ट होती. घरमालकाने किंवा भोगवटादाराने आपल्या जागेतला केर गोळा करून नेमून दिलेल्या ठिकाणी टाकावा आणि तिथून पुढे तो महापालिकेने न्यावा. ही वाटणी म्हणजे कचराकुंडी. नियम पाळणे म्हणजे घरातली पिशवी कुंडीपर्यंत नेणे, एवढाच नागरिकाच्या कर्तव्याचा अर्थ उरला.

कुंडीने एक मोठा बदल केला. कचरा घेणारा माणूस नजरेआड झाला. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वाडे पडले, उपनगरे आणि सोसायट्या वाढल्या, गोठे गेले, चुली गेल्या आणि राखही गेली. मग प्लॅस्टिक आले. आजीच्या घरी चार वाटांनी जाणारा माल एकाच पिशवीत बसू लागला. रद्दी आणि बाटल्या तेवढ्या वेगळ्या राहिल्या, कारण त्यांचे पैसे मिळत होते.

कुंडीतून उचललेला कचरा आधी कोथरूडच्या डेपोत जात असे. तिथे वस्ती वाढली तशी तक्रार वाढली आणि १९९१ पासून गाड्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळल्या. कोथरूडच्या डेपोची जागा पुढे मेट्रोला मिळाली. उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे ठरले. उरुळीकरांच्या वाट्याला मात्र नासलेल्या विहिरी, माश्या आणि धूर आला. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि कित्येक दिवस पुण्याच्या रस्त्यांवर ढीग साचले. आपण काय आणि किती टाकतो, हे शहराला दिसायला ती नाकेबंदी व्हावी लागली.

कागद, काच, पत्रा

कुंडीजवळ एक माणूस कायम उभे होते. बहुतेक वेळा ती बाई होती, बहुतेक वेळा दलित समाजातली, आणि अनेकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. उघड्या हातांनी कुंडी उपसून ती कागद, काच आणि पत्रा वेचत होती. म्हणजे शहराचे वर्गीकरण चालूच होते, फक्त ते करणारी वेगळी होती.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाचे लोक या बायकांना अक्षरओळख करून द्यायला गेले. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली प्रमुख नावे. तिथे त्यांच्या लक्षात आले की घरातच कागद ओल्यापासून वेगळा राहिला तर या बाईला घाणीत हात घालावा लागणार नाही आणि कोरड्या कागदाला भावही चांगला मिळेल. वर्गीकरणाचा आग्रह पुण्यात असा पर्यावरणाच्या आधी श्रमाच्या बाजूने आला, ही या शहराची खासियत म्हणावी लागेल. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने अधिवेशन भरले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांवर आपली मोहोर उमटवली. चोर म्हणून हटकल्या जाणाऱ्या बाईला आता शहराने कामगार मानले होते.

नियम आणि दार

दरम्यान अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून कचऱ्याचा प्रश्न देशपातळीवर गेला आणि २००० साली घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आले. घरोघर संकलन आणि वर्गीकरण आता कायद्यात होते. बहुतेक शहरांनी यासाठी ठेकेदार आणि गाड्या आणल्या. पुण्यात २००८ साली महापालिकेने वेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. सभासद दारावर येईल, घराने तिला महिन्याचे शुल्क द्यावे, वेचलेला सुका माल तिचा आणि उरलेला कचरा महापालिकेचा, असा हा व्यवहार. आज संस्थेचे साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत. कुंडीने नजरेआड केलेला माणूस पुन्हा उंबरठ्याशी आला, यावेळी पुढच्या दाराने.

२०१६ च्या नियमांनी घराचे कर्तव्य आणखी नेमके केले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवायचे, सॅनिटरी पॅड आणि डायपर गुंडाळून द्यायचे, कचरा जाळायचा नाही आणि शुल्क भरायचे. यातल्या गुंडाळून देण्याच्या कलमामागेही पुण्याचा अनुभव आहे. वापरलेले पॅड उघडे हाताळावे लागतात म्हणून २०१३ च्या महिलादिनाच्या सुमारास या बायकांनी ते पिशव्यांत भरून उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. वेष्टन पुरवण्याची जबाबदारी पुढे नियमांत उत्पादकांवर आली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक घर नियम पाळते, दुसरे का पाळत नाही? मी राहते त्या सोसायटीत गेली काही वर्षे जे पाहते आहे त्यावरून आणि वरच्या इतिहासावरून मला असे वाटते की, मजल्यावर रोज तीच बाई येते आणि तिचे नाव घरच्यांना ठाऊक आहे, तिथे डबे वेगळे राहतात. फुटलेली काच देताना “मावशी, जपून” असे कोणीतरी म्हणते. जिथे खाली एक मोठा डबा ठेवला आहे आणि तो कोण रिकामा करते हे कोणाला माहीत नाही, तिथे सगळे एकत्र होते. नियम दोन्हीकडे तोच, दंडही तोच.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती कमी सुखावह आहे. ज्या घरांतून मिसळलेला कचरा येतो, तो बऱ्याचदा तीच बाई जिन्याखाली किंवा वर्गीकरणाच्या शेडमध्ये बसून निवडते. मग गाडीत ओला आणि सुका वेगळा पडतो आणि शहराच्या कागदावर वर्गीकरण झालेले दिसते. नियम घरावर होता, पाळला तिने. १८८५ च्या सोनखताच्या हिशेबात जी मेहनत मोजली गेली नव्हती, तिचीच ही नवी आवृत्ती आहे. काही घरे तर तिचे महिन्याचे शुल्कही टाळतात आणि वर महापालिकेचा कर भरतो असे सांगतात.

म्हणून कचरा-वर्गीकरणाचे यश मोजताना गाडीत काय पडले एवढेच पाहून चालणार नाही. ते कोणाच्या हाताने वेगळे झाले, हेही विचारले पाहिजे. पुण्यात रोज सुमारे २,००० टन कचरा निघतो. तो घराच्या ओट्यापाशी वेगळा झाला तर स्वयंपाकघरातल्या माणसाची दोन मिनिटे जातात. जिन्याखाली वेगळा झाला तर दुसऱ्या कोणाचे बोट कापते. आणि कुठेच वेगळा झाला नाही, तर तो ज्या गावाच्या वाट्याला येईल त्या गावाची विहीर जाते. दीडशे वर्षांत कायदे पुष्कळ बदलले. ही वाटणी बदलण्याचे काम मात्र अजून उंबरठ्याच्या आतच बाकी आहे.