डोहावर आधी कोण बसलं?

पहिला मोठा पाऊस झाला की शहापूर-मुरबाडकडे वलगणीचे मासे चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात. गाभोळीने भरलेले मासे अंडी घालायला येतात आणि अर्धा गाव टोपल्या घेऊन धावतो. मीही धावलोय, हे आधीच कबूल करतो.

एरवी भातसा आणि काळूच्या डोहांवर गळ टाकताना आमच्या लहानपणी एक अलिखित कायदा होता. आधी आलेल्याची जागा त्याची. दुसऱ्याने अंतर राखून बसायचं, त्याच्या तंगुसावरून आपला तंगूस टाकायचा नाही, पाण्यात दगड मारायचा नाही. कातकरी दादा असो, ठाकूर असो की आमच्या मोहल्ल्यातले चाचा, नियम एकच. उठताना रिकाम्या हाताने निघालेल्याला कालवणापुरते दोन मासे द्यायचे.

लिहिलेला कायदा मी फार नंतर वाचला. १८७३ मध्ये फ्रान्सिस डे यांचा भारत व ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवरचा अहवाल आला. त्याच वर्षी मद्रासचे अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचं गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक निघालं. बारीक जाळ्यांनी पिल्लं मरतात आणि नद्या ओस पडतात, ही दोघांचीही तक्रार. पुढे १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा आला. सुरुंगाने किंवा विष टाकून मासे मारणं गुन्हा ठरलं. शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंडापर्यंत.

गेळाची फळं कुटून लहानसा डोह गुंगवणारा आदिवासी आणि सुरुंग लावणारा, कायद्याने एकाच रांगेत उभे केले. विषानेही पिल्लं मरतात, हे खरं. पण सुरुंगाने मेलेले कितीतरी मासे तळाशी जाऊन कुजतात, कोणाच्याच ताटात येत नाहीत.

पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळे भागीदार आहेत, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण. फिकहमध्ये नदीतला मासा पकडेपर्यंत कोणाचाच नसतो. आमच्या डोहाचा कायदा तरी वेगळं काय सांगत होता? भागीदार म्हणजे सगळंच उचलून नेणारा नव्हे.

मागच्या पावसाळ्यात एका ओढ्यावर दोन पोरं बॅटरीचा करंट पाण्यात सोडताना दिसली. मी म्हटलं, "अरे, गाभोळीवाली तरी सोडा."

"चाचा, आपण सोडली तरी पुढला धरणारच ना."

मी एवढंच म्हणालो, "पुढलाही तुझ्याबद्दल हेच म्हणतोय."