कर्नल अडतो कुठे?

लिनक्स वापरणाऱ्याला कधी ना कधी हा अनुभव येतोच. कर्नल अपग्रेड करताना मशीन म्हणतं, डिस्कवर जागा शिल्लक नाही. गंमत अशी की डिस्कवर शंभर जीबी मोकळे असतात! पॅकेज अर्धवट बसतं आणि मग साधा एडिटर टाकायला गेलं तरी तीच रड पुन्हा सुरू. याचं कारण मॅन्युअलपेक्षा इतिहासात चांगलं सापडतं, म्हणून आज थोडा इतिहास.

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या कर्नलची बातमी मिनिक्सच्या चर्चागटावर दिली. पहिली काही वर्षं कर्नल घरीच जात्यावर दळायचा असे. सोर्स उतरवा, कंपाइल करा, /बूटमध्ये नेऊन ठेवा आणि मग लिलो चालवा. लिलो हा बूट लोडर. त्याला फाइलसिस्टिम कळत नसे. कर्नल डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत आहे एवढंच तो टिपून ठेवी. कर्नल बदलून लिलो चालवायचा राहिला, की मशीन उठत नसे. शिवाय त्या काळच्या बायोसला पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं वाचता येत नसे. म्हणून डिस्कच्या सुरुवातीला /बूटचं छोटंसं वेगळं पार्टिशन करायची पद्धत पडली. पुढे बायोसची मर्यादा गेली, पद्धत मात्र राहिली. डिस्क एन्क्रिप्ट करायची तर कुलूप उघडण्याआधी वाचायचं सामान बाहेर हवं, हे नवं निमित्त तिला मिळालं. आपल्या त्या शंभर जीबींचं कोडं इथे सुटतं: घर मोठं, पण देवडी चिंचोळी.

दुसरा धागा पॅकेजचा. १९९३ मध्ये इयन मरडॉकने डेबियन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी इयन जॅक्सनने डीपीकेजीला आकार दिला. डीपीकेजी काम दोन टप्प्यांत करतो: आधी सामान उलगडायचं, मग जुळवायचं. कर्नलच्या बाबतीत जुळवणीत बरंच काही येतं. बूट होताना लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम बांधायची, ड्रायव्हर तयार करायचे, बूट लोडरची यादी ताजी करायची. यातली एक पायरी चुकली तरी पॅकेजवर 'अर्धवट' असा शिक्का बसतो. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर ॲप्ट आलं. ते अवलंबित पॅकेजं आपणहून गोळा करतं, पण प्रत्येक खेपेला आधी जुनी अर्धवट कामं पुरी करायला बघतं. म्हणून एडिटर मागितला तरी रडगाणं कर्नलचंच!

त्यात आणखी एक शहाणपणाचा निर्णय. डेबियन आणि उबुंटूमध्ये कर्नलची आवृत्ती पॅकेजच्या नावातच असते. त्यामुळे नवा कर्नल जुन्याला पुसत नाही, शेजारी येऊन बसतो. नवा उठला नाही तर जुन्यावरून मशीन चालू करता यावं, हा हेतू. पण वर्षभरात अशी बरीच बिऱ्हाडं चिंचोळ्या /बूटमध्ये जमतात. जुने कर्नल आपोआप काढण्याजोगे ठरवण्याची सोय ॲप्टमध्ये नंतर आली.

तिसरा धागा ड्रायव्हरचा. कर्नलच्या आतली रचना स्थिर ठेवायची नाही, हे तिथल्या मंडळींचं जाहीर धोरण आहे. त्यामुळे बाहेरून आणलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. हे काम आपोआप व्हावं म्हणून डेल कंपनीत २००३ च्या सुमारास डीकेएमएस तयार झालं. ड्रायव्हर जुना आणि कर्नल नवा असला, की कंपाइल फसतं आणि अपग्रेड तिथेच अडतं.

'चालतंय ना, राहू दे' म्हणण्यात धोका काय? ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' नावाची खोट उघड झाली. ती २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती. मशीनवर साधं खातं असलेला कुणीही तिच्या जोरावर रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ज्याचं /बूट भरलेलं त्याच्यापर्यंत ती पोचणार कशी? आणि ॲप्ट अडलं की ब्राउझरच्या दुरुस्त्याही त्याच्याबरोबर थांबतात.

आता उपाय. सगळ्यात आधी संदेशातली *पहिली* चूक वाचा. खालच्या बहुतेक ओळी तिचेच पडसाद असतात. डीएफने /बूट किती भरलंय ते पाहा. यूनेमने सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते पाहा आणि त्याला हात लावू नका. बाकीच्या जुन्यांपैकी एक राखून इतर पॅकेज म्हणूनच काढा. /बूटमधल्या फाइली हाताने उडवल्या तर डीपीकेजीच्या वहीत त्या तशाच राहतात. ॲप्ट ऐकत नसेल तर थेट डीपीकेजीला काढायला सांगा. मग त्याच्याकडून अर्धवट जुळवण्या पुऱ्या करून घ्या आणि नंतर ॲप्टकडून तुटलेली अवलंबनं दुरुस्त करून घ्या. चूक डीकेएमएसची असेल तर त्याचा मेकचा लॉग वाचा. नव्या कर्नलचे हेडर आहेत ना ते बघा आणि ड्रायव्हरची नवी आवृत्ती टाका. ती नसेल तर तो ड्रायव्हर तात्पुरता काढा. शेवटी रीबूट हवंच, कारण तोवर जुनाच कर्नल चालू असतो.

सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या सरकारी कचेरीतल्या मशीनलाही हा सगळा इतिहास लागू पडतो. १०२४ सिलिंडरांची ती डिस्क कधीच भंगारात गेली, पण तिची देवडी अजून आपल्या घरात आहे. पुढच्या वेळी लिनक्स टाकताना /बूटला एक-दोन जीबी मोकळ्या हाताने द्या, म्हणजे झालं!